बेगडी शस्त्र आणि आभासाची मर्यादा

१

मराठीत ‘बेगडी’ हे विशेषण सामान्यतः तुच्छतादर्शक मानले जाते. बेगडी देशभक्ती, बेगडी प्रेम, बेगडी विद्वत्ता असे आपण म्हणतो, तेव्हा वरून चकाकणारे पण आतून पोकळ असे काही तरी आपल्याला सुचवावयाचे असते. ह्या शब्दाचे मूळ मात्र मुळीच निंद्य नाही. बेगड म्हणजे कागदासारखा पातळ, चकचकीत पत्रा. गणपतीचे मखर, लग्नातील बाशिंग आणि नाटकमंडळ्यांच्या पेटाऱ्यातील लाकडी तलवार ही त्याची जुनी ठिकाणे होत. लाकडी पात्यावर बेगड डकवला, की ती तलवार प्रेक्षकाच्या दृष्टीला पोलादी दिसे आणि समोरच्या नटाच्या मानेला लाकडीच राहत असे. दिसणे आणि असणे ह्यांतील अंतर प्रेक्षकापासून लपविण्यात कारागिराचे कौशल्य होते. ते अंतर प्रत्यक्षात कायम राखण्यात त्याचे शहाणपण होते. पुढे भाषेने कौशल्य तेवढे ध्यानात ठेवले, त्याला ढोंग म्हटले, आणि शहाणपण विसरून गेली.

शब्दाच्या अर्थात झालेली ही घसरण केवळ भाषिक नाही. कलेत ‘खरे’ ते श्रेष्ठ आणि ‘बेगडी’ ते हीन ही समजूत तिच्यामागे उभी आहे. वास्तववादी नाटकाने ही समजूत दृढ केली व चित्रपटाने ती कळसास नेली. पडद्यावर लाकूड लाकडासारखे दिसते, रंगवलेला डोंगर रंगवलेला दिसतो. म्हणून खरे घर, खरा पाऊस, खरा घोडा आणि अखेरीस खरी बंदूक चित्रीकरणाच्या जागी आली. ह्या शेवटच्या आगमनाचा विचार करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

सुरक्षेचा प्रश्न व्यवस्थापकाचा आणि सौंदर्याचा प्रश्न समीक्षकाचा, अशी वाटणी आपण करून ठेवली आहे. ही वाटणी सोयीची असली तरी सयुक्तिक नाही. रंगसाहित्यातील शस्त्र निरुपद्रवी असणे ही कलानुभवाला बाहेरून लावलेली अट नसून त्या अनुभवाची अंतर्गत अट आहे, असे प्रस्तुत लेखकाचे प्रतिपादन आहे. ते सिद्ध करण्यासाठी प्रथम आपल्या नाट्यपरंपरेतील एक जुना दंडक, नंतर पुणे परिसरातील एक इतिहासप्रसिद्ध गोळीबार व त्याच्या चित्रणाचा प्रश्न, आणि त्यानंतर चित्रपटक्षेत्रातील काही प्रत्यक्ष मृत्यू ह्यांचा क्रमाने विचार करू.

२

भरताच्या नाट्यशास्त्रात आहार्याभिनयाचे विवेचन करताना ‘पुस्त’ ह्या नावाने रंगसाहित्याची चर्चा आली आहे. संधिम, व्याजिम आणि वेष्टिम असे त्याचे तीन प्रकार सांगितले आहेत. जोडून बनविलेले, यांत्रिक युक्तीने हलणारे आणि वस्त्रादिकांनी वेढून आकार दिलेले, असा त्यांचा स्थूल अर्थ. पर्वत, रथ, विमाने, ढाली, ध्वज ह्या साऱ्या वस्तू बांबू, चटया, कापड, चामडे, लाख अशा हलक्या द्रव्यांनी कराव्यात असा एकंदर रोख आहे. अलंकार जड नसावेत, कारण जड अलंकारांनी नट थकतो, त्याला घाम येतो, मूर्च्छाही येऊ शकते, हे कारण तेथे स्पष्टपणे दिलेले आहे. सौंदर्याच्या शास्त्रात नटाच्या शरीराची ही काळजी आनुषंगिक म्हणून आलेली नाही, हे ध्यानात घेतले पाहिजे. जो थकला तो अभिनय करू शकत नाही. म्हणून काळजी हा अभिनयाच्याच विचाराचा भाग आहे.

शस्त्रप्रयोगाविषयी तर भरत अधिक निःसंदिग्ध आहे. भारत, सात्त्वत, वार्षगण्य आणि कैशिक असे शस्त्रचालनाचे चार ‘न्याय’ त्याने वर्णिले आहेत. शस्त्र कसे धरावे, कसे फिरवावे, पावले कशी टाकावीत ह्याचा तपशील आहे. ह्या सर्व तपशिलाच्या शेवटी आज्ञा अशी, की रंगावर छेदन, भेदन आणि रक्तस्राव होता कामा नये. प्रहार प्रत्यक्ष न होता केवळ संकेताने सूचित व्हावा. म्हणजे हालचालीची शिस्त संपूर्ण, परंतु परिणाम शून्य. शस्त्राची क्रिया पूर्ण करावयाची ती प्रेक्षकाच्या मनात, सहनटाच्या देहावर नव्हे.

ह्या दंडकामागील सौंदर्यविचार अभिनवगुप्ताच्या रसमीमांसेच्या प्रकाशात अधिक स्पष्ट होतो. भयानक रस आणि प्रत्यक्ष भय ही दोन भिन्न गोष्टी आहेत. प्रत्यक्ष भयात मनुष्य स्वतःच्या वा दुसऱ्याच्या विशिष्ट हितासंबंधी चिंतातुर असतो. त्याला पळावेसे किंवा धावून जावेसे वाटते. भयानकाच्या आस्वादात ती विशिष्टता गळून पडते, भावाचे साधारणीकरण होते. आता एखाद्या प्रयोगात नायकाच्या छातीवर रोखलेले शस्त्र खरोखरीच भरलेले आहे असे प्रेक्षकाला समजले, तर काय होईल? त्याची चिंता नायकाला सोडून नटाकडे वळेल. पात्र नाहीसे होईल आणि संकटात सापडलेला एक माणूस तेवढा उरेल. अभिनवगुप्ताने रसाची जी विघ्ने सांगितली आहेत, त्यांत व्यक्तिगत सुखदुःखाच्या जाणिवेत गुरफटणे हे एक महत्त्वाचे विघ्न आहे. खरे शस्त्र हे विघ्न निर्माण करते. तात्पर्य, खऱ्या शस्त्राने प्रयोग अधिक प्रभावी होतो ही समजूत मुळातच उलटी आहे. धोका गुप्त राहतो तोपर्यंत त्याचा कलेला काही उपयोग नसतो; आणि तो उघड झाला, की कला संपते.

३

सिद्धान्त असा असला तरी विशिष्ट प्रसंगाचे चित्रण करताना तो कसा टिकतो हे पाहिले पाहिजे. त्यासाठी उदाहरण दूर शोधण्याचे कारण नाही. पवनेच्या पश्चिम काठावरील काळेवाडीतून पलीकडे पाहिले, की चिंचवड लागते. चापेकर बंधूंचे हे गाव. तेथून काही कोसांवर गणेशखिंड आहे; आज विद्यापीठाची मुख्य इमारत म्हणून जी ओळखली जाते ती त्या काळी राज्यपालांचे निवासस्थान होती. २२ जून १८९७ च्या रात्री व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या हीरकमहोत्सवाचा समारंभ तेथे झाला. प्लेगच्या बंदोबस्ताचा अधिकारी रँड समारंभ आटोपून परतत असता ‘गोंद्या’ ह्या संकेतशब्दावर दामोदर चापेकर त्याच्या गाडीमागे गेला आणि अगदी जवळून त्याच्यावर गोळी झाडली. मागील गाडीतील लेफ्टनंट आयर्स्टवर बाळकृष्णाने गोळी झाडली. आयर्स्ट जागीच ठार झाला. रँड ३ जुलै रोजी मरण पावला. दामोदरास १८ एप्रिल १८९८ रोजी येरवड्यास फाशी देण्यात आले, आणि पुढील वर्षीच्या मे महिन्यात वासुदेव, महादेव रानडे व बाळकृष्ण ह्यांनाही.

ह्या घटनेवर नचिकेत व जयू पटवर्धन ह्यांनी १९७९ साली ‘२२ जून १८९७’ हा मराठी चित्रपट केला. दिग्दर्शक दांपत्य वास्तुरचनाकार. चित्रपटाच्या कलादिग्दर्शनाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला हे त्यामुळे साहजिक वाटते. इतिहासाला नाटकी रंग न देता काळ, स्थळ आणि वस्तू ह्यांच्या नेमकेपणातून प्रसंग उभा करणे ही त्या चित्रपटाची प्रतिष्ठा आहे. परंतु येथे आपल्याला चित्रपटाचे मूल्यमापन करावयाचे नसून त्या प्रसंगाच्या घडणीतच दडलेला एक कलाविषयक प्रश्न पाहावयाचा आहे.

ह्या प्रसंगाचे नाट्य कशात आहे? ते प्रत्यक्ष गोळीत फारसे नाही. ते आहे वाट पाहण्यात; महोत्सवाच्या रोषणाईत; एकामागून एक जाणाऱ्या गाड्यांतील नेमकी गाडी ओळखण्याच्या ताणात; अंधारातून आलेल्या संकेताच्या हाकेत; आणि दुसऱ्या गाडीवर झालेल्या गोळीबाराने त्या कृत्याला जी अकल्पित नैतिक गुंतागुंत प्राप्त होते तीत. गोळी सुटण्याचा क्षण निमिषार्धाचा. त्या क्षणी प्रेक्षक गोळी पाहत नाही. गोळी कोणालाच दिसत नाही. त्याला दिसतो तो हाताचा झटका, एक चमक, गाडीच्या पडद्याचे हालणे आणि एका देहाचे कलंडणे. त्याला ऐकू येतो तो आवाज, आणि त्याहूनही प्रभावी अशी त्यानंतरची शांतता. ह्यांतील प्रत्येक घटक निरनिराळ्या ठिकाणी, निरनिराळ्या वेळी तयार करून जोडता येतो. संकलन हेच तर चित्रपटाचे माध्यम आहे. जे माध्यम तुकडे जोडून अखंडतेचा आभास निर्माण करते, त्यानेच एका नळीतून ज्वाला, ध्वनी, धक्का आणि धूर हे सर्व एकदम निघावे असा हट्ट धरावा, हा माध्यमाच्या स्वरूपाविषयीचा गैरसमज होय.

आता ह्याच प्रसंगाची दुसरी बाजू. हा गोळीबार अगदी जवळून, गाडीच्या बंदिस्त जागेत झालेला आहे. तो दाखवावयाचा तर नळीचे तोंड आणि नटाची पाठ ह्यांत हातभर अंतर उरते. ‘गोळी नसलेले काडतूस वापरले, मग भय कसले?’ असे जर कोणी म्हणेल, तर त्याने पुढील विभागातील हकिकती वाचाव्यात.

४

काडतुसाचे चार भाग असतात: पितळी नळकांडे, त्याच्या बुडाशी ठोक्याने पेटणारा प्रायमर, आतील दारू आणि तोंडाशी बसविलेली गोळी. चित्रीकरणात दोन प्रकारची काडतुसे वापरतात व त्यांतील भेद अनेकदा दुर्लक्षिला जातो. कोऱ्या काडतुसात, म्हणजे ज्याला चित्रपटाच्या व्यवहारात ‘ब्लँक’ म्हणतात त्यात, प्रायमर व दारू असते, गोळी नसते. त्याने ज्वाला आणि आवाज मिळतो. ‘डमी’ काडतुसात ह्याच्या उलट गोळी असते, पण दारू नसते व प्रायमर निकामी केलेला असतो. रिव्हॉल्व्हरची फिरती कोठी समोरून दाखवावयाची असता ती भरलेली दिसावी एवढाच त्याचा उपयोग. एक आवाजाची नक्कल करते, दुसरे रूपाची. दोन्ही मिळून एका खऱ्या काडतुसाचे सर्व घटक पुरे होतात, ही गोष्ट वाचकांनी मनात ठेवावी.

ऑक्टोबर १९८४ मध्ये अमेरिकेतील ‘कव्हर अप’ ह्या दूरचित्रवाणी-मालिकेच्या चित्रीकरणाच्या वेळी जॉन-एरिक हेक्सम ह्या तरुण नटाने कोरी काडतुसे भरलेले रिव्हॉल्व्हर गमतीने स्वतःच्या कानशिलाला लावून चाप ओढला. गोळी नव्हती, परंतु दारूच्या ज्वलनाने निर्माण झालेल्या वायूचा आणि काडतुसातील बुचाचा आघात इतक्या जवळून इतका प्रचंड झाला, की कवटीचे हाड आत दबले व काही दिवसांत तो मरण पावला. जवळच्या अंतरावर वायू हाच गोळीचे काम करतो, हा ह्यातील धडा.

३१ मार्च १९९३ रोजी नॉर्थ कॅरोलायना राज्यातील विल्मिंग्टन येथे ‘द क्रो’ ह्या चित्रपटाच्या चित्रीकरणात ब्रँडन ली मृत्युमुखी पडला. येथील कार्यकारणपरंपरा अधिक सूक्ष्म आहे. खऱ्या काडतुसांतील दारू काढून डमी तयार करण्यात आले होते, पण त्यांपैकी एकातील प्रायमर जिवंत राहिला होता. चाप ओढला गेला तेव्हा प्रायमरच्या क्षीण शक्तीने गोळी पुढे सरकली आणि नळीतच अडकली. कोणाच्या ते लक्षात आले नाही. पुढे दुसऱ्या प्रसंगासाठी त्याच शस्त्रात कोरे काडतूस भरण्यात आले. त्याच्या दारूने अडकलेली गोळी बाहेर फेकली. रूपाची नक्कल आणि आवाजाची नक्कल एकाच नळीत एकत्र आल्या, आणि दोन आभासांच्या बेरजेतून एक वास्तव निर्माण झाले. ह्या घटनेत कोणाचाही दुष्ट हेतू नव्हता. प्रत्येक पायरीवर एक लहानशी उणीव होती, आणि त्या उणिवा एका रेषेत आल्या.

येथे बेगडी तलवारीशी तुलना केली पाहिजे. लाकडी तलवारीचे दोन प्रकार एकत्र आणले तरी त्यांतून पोलादी तलवार तयार होत नाही. तिचे निरुपद्रवीपण तिच्या द्रव्यात आहे. खऱ्या रिव्हॉल्व्हरचे निरुपद्रवीपण त्याच्या द्रव्यात नसून त्याच्या तात्पुरत्या अवस्थेत असते, आणि अवस्था बदलू शकते. ह्या भेदाला आपण ‘द्रव्यगत सुरक्षा’ आणि ‘अवस्थागत सुरक्षा’ अशी नावे देऊ. नाट्यशास्त्राचा पुस्तविचार पहिल्या प्रकारावर उभा आहे. आधुनिक चित्रपटाने अकारण दुसऱ्याचा आश्रय केला.

५

अवस्थागत सुरक्षेचे आणखी एक लक्षण असे, की ती डोळ्यांना दिसत नाही. म्हणून ती शब्दाने जाहीर करावी लागते. २१ ऑक्टोबर २०२१ रोजी न्यू मेक्सिको राज्यातील बोनान्झा क्रीक रँच येथे ‘रस्ट’ ह्या चित्रपटाच्या तालमीत नेमके हे घडले. शस्त्र नटाच्या हाती देताना ते ‘कोल्ड गन’ आहे, म्हणजे त्यात उडणारे काही नाही, असे सांगण्यात आले. त्यात खरे काडतूस होते. अलेक बाल्डविन ह्या नटाच्या हातातील रिव्हॉल्व्हरमधून सुटलेल्या गोळीने छायालेखिका हलायना हचिन्स हिचा मृत्यू झाला आणि तीच गोळी दिग्दर्शक जोएल सूझा ह्यांच्या खांद्यात शिरली. त्याच दिवशी सकाळी छायालेखन-विभागातील काही कर्मचारी कामाच्या परिस्थितीविषयी तक्रार करून निघून गेले होते. त्याआधी त्या जागी शस्त्र अनपेक्षितपणे सुटण्याचे प्रकारही झाले होते.

न्यायालयीन निष्पत्ती थोडक्यात अशी. शस्त्रांची देखरेख करणाऱ्या तरुणीस मार्च २०२४ मध्ये दोषी ठरवून एप्रिलमध्ये अठरा महिन्यांची शिक्षा झाली. शस्त्र सुरक्षित असल्याची जबाबदारी घेणाऱ्या सहायक दिग्दर्शकाने २०२३ सालीच आरोप न लढविता सौम्य शिक्षा पत्करली होती. बाल्डविनवरील खटला, सरकारपक्षाने पुरावा बचावपक्षास उपलब्ध करून दिला नाही ह्या कारणावरून, जुलै २०२४ मध्ये कायमचा रद्द झाला. न्यायालयाने व्यक्तींचा विचार केला, आणि ते त्याचे कामच आहे. समीक्षकाला मात्र त्या वाक्याचा विचार केला पाहिजे. ‘शस्त्र थंड आहे’ हे विधान नाट्यगृहातील संवादासारखे केवळ उच्चारल्याने खरे होत नाही. रंगमंचावर ‘हा राजवाडा आहे’ असे म्हटले की प्रेक्षकाच्या संमतीने तो राजवाडा होतो. चित्रीकरणाच्या जागी दिवसभर अशीच विधाने करण्याची सवय असलेल्या माणसांनी एक विधान वस्तुस्थितीविषयी केले, आणि तेही त्याच सवयीने स्वीकारले गेले. कल्पिताचा करार वस्तुस्थितीच्या प्रदेशात शिरला, हे ह्या दुर्घटनेचे मर्म आहे.

ह्याहूनही गंभीर अशी एक गोष्ट ह्या घटनेत आहे. हचिन्स ही त्या कथेतील पात्र नव्हती. रंगभूमीवर शस्त्र साधारणतः पात्रावर रोखले जाते; प्रेक्षक बाजूला, अंधारात असतो. चित्रपटात शस्त्र थेट प्रेक्षकावर रोखलेले दाखविता येते, आणि हा माध्यमाचा एक मोठा प्रभावी विशेष मानला जातो. परंतु पडद्यासमोरच्या प्रेक्षकावर शस्त्र रोखले जावयाचे, तर चित्रीकरणाच्या वेळी ते कॅमेऱ्यावर रोखावे लागते. आणि कॅमेऱ्यामागे एक माणूस असतो. प्रेक्षक आणि पात्र ह्यांच्यातील कल्पिताच्या करारात हा माणूस सहभागी नाही. त्याच्यासाठी ती गोष्ट नाही, काम आहे. प्रेक्षकाला मिळणाऱ्या क्षणिक शहाऱ्याचे मोल ज्याने भरावयाचे, त्याचे नाव पडद्यावर अखेरीस, प्रेक्षक उठून जाऊ लागल्यावर येते. आपल्या चित्रपटसमीक्षेत नटाच्या धाडसाची वाखाणणी पुष्कळ आढळते. कॅमेऱ्यामागील माणसाचा देह तिच्या दृष्टिपथात क्वचितच येतो. हा दृष्टिदोष सुधारला पाहिजे.

६

हा विषय पुण्या-मुंबईच्या मोठ्या चित्रसंस्थांपुरता आहे असे कोणी समजू नये. पिंपरी-चिंचवडचा परिसर कामगारांचा. कामगार कल्याण मंडळाच्या नाट्यस्पर्धांची परंपरा, महाविद्यालयांच्या एकांकिका आणि अलीकडे हातातील फोनवर चित्रित होणारे लघुपट ह्यांनी ह्या पट्ट्यात हौशी कलावंतांचा मोठा वर्ग निर्माण केला आहे. काळेवाडी, रहाटणी, थेरगाव अशा वस्त्यांतून कारखान्याची पाळी संपवून तालमीला येणाऱ्या तरुणाजवळ शस्त्र-देखरेखीचा जाणकार नेमण्याइतका पैसा नसतो. परंतु त्याच्याजवळ एक गोष्ट असते, जी मोठ्या चित्रसंस्थांनाही हेवा वाटावी अशी आहे: यंत्राशेजारी उभे राहण्याची शिस्त.

पत्रा कापणाऱ्या वा दाबणाऱ्या प्रेस यंत्राचे उदाहरण घ्या. कामगाराचा हात साच्यात असता प्रेस खाली येऊ नये, म्हणून ‘सावध राहा’ अशी पाटी लावून कोणताही जबाबदार कारखाना थांबत नाही. दोन्ही हातांनी दोन स्वतंत्र बटणे दाबल्याशिवाय यंत्र चालू नये अशी त्याची रचना असते; जाळी उघडी असेल तर वीज खंडित होते; दुरुस्तीच्या वेळी मुख्य खटक्याला कुलूप लावून किल्ली दुरुस्ती करणाऱ्याच्याच खिशात राहते. १९४८ च्या कारखाना अधिनियमाने यंत्रांना कुंपण घालण्याची जबाबदारी मालकावर टाकली ती ह्याच तत्त्वाने. सुरक्षा माणसाच्या स्मरणावर वा शब्दावर अवलंबून ठेवावयाची नाही, ती वस्तूच्या रचनेत घालावयाची. हीच आपली द्रव्यगत सुरक्षा. भरताचा बांबू आणि प्रेसची जाळी एकाच विचाराची दोन रूपे आहेत, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. शेजारीच खडकी येथे १८६९ पासून काडतुसांचा कारखाना आहे. दारूच्या सान्निध्यात काम म्हणजे काय, हे ह्या परिसराला पुस्तकातून शिकावे लागत नाही.

कायद्याची स्थितीही हौशी मंडळ्यांनी समजून घेतली पाहिजे. १९५९ च्या शस्त्र अधिनियमानुसार अग्निशस्त्र बाळगण्यास परवाना लागतो. ‘नाटकासाठी’ म्हणून दुसऱ्याचे परवान्याचे शस्त्र आणणे ही क्षम्य हौस ठरत नाही. त्याच अधिनियमाच्या सहाव्या कलमात अग्निशस्त्राच्या नकलेचा उल्लेख असून, नकली शस्त्राचे रूपांतर खऱ्यात करण्यावर तेथे निर्बंध आहेत. नकलेची जी व्याख्या तेथे केली आहे ती मार्मिक आहे: जिचे रूप अग्निशस्त्राचे आहे अशी कोणतीही वस्तू, मग तिच्यातून गोळी सुटो वा न सुटो. रूप आणि शक्ती ह्यांची फारकत, जी आपण कलेच्या संदर्भात पाहत आहोत, ती विधिकारांनाही करावी लागली. निष्काळजीपणाने मृत्यू घडविल्याच्या अपराधास भारतीय दंडसंहितेत दोन वर्षांपर्यंतची शिक्षा होती. २०२३ च्या भारतीय न्याय संहितेने १०६ व्या कलमात ती पाच वर्षांपर्यंत वाढविली आहे. परंतु कायदा बहुधा मृत्यूनंतर येतो. म्हैसूरच्या प्रीमियर स्टुडिओत ८ फेब्रुवारी १९८९ रोजी टिपू सुलतानावरील मालिकेच्या चित्रीकरणात लागलेल्या आगीत साठहून अधिक माणसे दगावली. चित्रीकरणाची जागा ही कामाची जागा आहे आणि कामाच्या जागेचे सर्व नियम तिला लागू आहेत, ही साधी गोष्ट समजण्यासाठी एवढी किंमत पडावयास नको होती.

७

ह्या प्रतिपादनावर दोन आक्षेप संभवतात. पहिला आक्षेप नटाचा. खऱ्या शस्त्राचे वजन आणि धक्का हातात जाणवल्याखेरीज अभिनयात सच्चेपणा येत नाही, असे पुष्कळदा म्हटले जाते. ह्यात तथ्यांश आहे; हलक्या प्लास्टिकचे पिस्तूल हातात घेतलेला नट अनेकदा ते खेळण्यासारखे हलवितो, आणि प्रसंग हास्यास्पद होतो. परंतु वजन हा गुण नळीतून गोळी सुटण्याच्या शक्तीशी बांधलेला नाही. भरीव धातूची, नळी कायमची बंद असलेली प्रतिकृती तेच वजन देते. धक्का हा तर अभिनयाचाच विषय आहे. रिकाम्या हंड्याने पाणी भरल्याचा भास देणारी नटी जर आपल्याला मान्य आहे, तर धक्क्यासाठी दारू मागणारा नट आपल्या कलेवर अविश्वास दाखवितो असेच म्हणावे लागेल. ज्वाला नंतर चित्रात घालता येते व आवाज ध्वनिमुद्रणात. ‘रस्ट’च्या दुर्घटनेनंतर पाश्चात्त्य देशांतील काही निर्मात्यांनी हाच मार्ग पत्करल्याचे जाहीर केले. रंगमंचावर विंगेतून येणारा आवाज तर शंभर वर्षे हे काम करीतच आला आहे.

दुसरा आक्षेप असा, की अनुभवी माणसाच्या हाती शस्त्र असता एवढी भीती कशाला? ह्याचे उत्तर अनुभवाच्या स्वरूपात आहे. पडद्यावर शेकडो वेळा बंदूक चालविल्याने जो अनुभव मिळतो, तो बंदुकीचा नसून बंदुकीच्या आभासाचा असतो. १ ऑक्टोबर २०२४ रोजी मुंबईत गोविंदा ह्या लोकप्रिय नटाला राहत्या घरी स्वतःच्या परवान्याच्या रिव्हॉल्व्हरमधून सुटलेली गोळी पायाला लागली. सुदैवाने प्राण वाचला. ह्या घटनेवरून त्या व्यक्तीविषयी काही निष्कर्ष काढणे अनुचित होईल. परंतु शस्त्राला प्रसिद्धी, सवय आणि वय ह्यांपैकी काहीही ओळखता येत नाही, एवढे तिच्यावरून निश्चित दिसते. म्हणूनच अमेरिकी चित्रपट-उद्योगातील मालक व कामगार ह्यांच्या संयुक्त सुरक्षा-समितीने पहिल्याच पत्रकात असे सांगून ठेवले आहे, की प्रत्येक शस्त्र भरलेलेच आहे असे समजून वागावे आणि खरी काडतुसे चित्रीकरणाच्या जागी कधीही आणू नयेत. ‘रस्ट’च्या वेळी हा नियम अस्तित्वात होता. नियम असणे आणि तो वस्तूच्या रचनेत उतरणे ह्यांत किती अंतर असते, हेही त्यावरून कळते.

ह्या विवेचनातून आपल्या अभ्यासक्रमांसाठी काही व्यावहारिक सूचना निघतात. नेपथ्य व रंगसाहित्य हा विषय शिकविताना शस्त्राचा धडा पुस्तविचारापासून सुरू व्हावा आणि काडतुसाच्या रचनेपर्यंत जावा. विभागाच्या कोणत्याही प्रयोगात वा लघुपटात गोळी सुटू शकेल अशी वस्तू वापरली जाऊ नये. प्रतिकृतीसुद्धा एकाच जबाबदार व्यक्तीच्या ताब्यात, कुलपात असावी. हाती देताना ती उघडून देणाऱ्याने व घेणाऱ्याने दोघांनी पाहावी. आणि ती कोणावर, विशेषतः कॅमेऱ्यामागील माणसावर, रोखावयाची असेल तर कॅमेरा माणसाविना चालवावा किंवा कोन बदलावा. सार्वजनिक रस्त्यावर प्रतिकृती घेऊन चित्रीकरण करावयाचे तर पोलिसांस आधी कळवावे. रस्त्यावरच्या माणसाला कल्पिताचा करार ठाऊक नसतो. आणि तालमीतील सर्वांत कनिष्ठ सहायकालाही ‘थांबा’ म्हणण्याचा अधिकार असावा. प्रेस यंत्रावरचा लाल खटका कोणीही दाबू शकतो, तो केवळ फोरमनसाठी नसतो.

आभास हे कलेचे वैगुण्य आहे असे मानल्यामुळे आपण त्याची लाज बाळगू लागलो आणि खऱ्याच्या मागे लागलो. वस्तुतः आभास ही कलेने माणसाला दिलेली मोठी सवलत आहे. युद्ध पाहावे आणि कोणी पडू नये, खून पाहावा आणि कोणी मरू नये, त्या खुनाच्या न्याय्यान्याय्यतेवर रात्रभर विचार करावा आणि सकाळी तो करणारा नट व ज्याचा खून झाला तो नट दोघांनी एकत्र चहा घ्यावा, ही ती सवलत. गणेशखिंडीतील त्या रात्रीचा अर्थ लावण्याचे काम प्रत्येक पिढीतील कलावंतांना पुन्हा पुन्हा करावे लागणार आहे. त्यांच्या पेटाऱ्यातील शस्त्र बेगडी असेल, तरच ते काम त्यांना निर्भयपणे करता येईल.